३४ पानं, टायटल एकच

पत्र : ताई नमस्कार, लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे, तीन पिढ्या झाल्या. लॉकडाऊननंतर वेबसाइट केली, मिस्टरांच्या ओळखीतल्या एका मुलानं वर्डप्रेसवर बनवून दिली. एकूण ३४ पानं आहेत आणि प्रत्येक मसाल्याची माहिती मी स्वतः मराठीत लिहिलीये, रात्री जागून. पण गूगलवर शोधलं तर आम्ही कुठेतरी खाली येतो, आणि वर जी निळी ओळ दिसते ती बऱ्याच पानांना सारखीच, इंग्रजीत, 'बेस्ट मसाला शॉप मुंबई, मालवणी मसाला, गोडा मसाला, बाय मसाला ऑनलाइन, मसाला दादर परळ ठाणे डोंबिवली'. काही पानांना तर गूगल भलतंच नाव दाखवतं, जे आम्ही कुठे लिहिलेलंच नाही. एक जण म्हणतो टायटल टॅग बदलायला लागतील, १५ हजार घेईन आणि तीन महिन्यात पहिल्या नंबरवर आणून देईन. सासरे म्हणतात टायटलमध्ये 'मुंबईतील नंबर १ मसाला' टाका. हे टायटल टॅग म्हणजे नक्की काय, मला जमेल का, आणि पैसे देऊ का? – एक वाचक, लालबाग

ताई, पहिलं सांगते, जमेल. आणि खरं तर हे काम तुम्हीच करायला पाहिजे, कारण तुमच्या दुकानात कोण येतं, काय मागतं, कुठल्या शब्दात मागतं हे त्या १५ हजारवाल्याला माहीत नाही, तुम्हाला रोज ऐकून पाठ आहे. पैशांना अजून हात लावू नका, त्याचं खाली सांगते.

तर टायटल टॅग. वेबसाइटच्या प्रत्येक पानामागे कोड असतो, त्या कोडच्या वरच्या भागाला हेड म्हणतात, तिथे पानाचं नाव एका ओळीत लिहिलेलं असतं, बास, तेवढंच. पानावर ते दिसत नाही. दिसतं ते ब्राउझरच्या टॅबवर, कोणी बुकमार्क केलं तर तिथे, आणि मुख्य म्हणजे गूगलच्या निकालातली ती मोठी निळी ओळ बहुतेक वेळा ह्याच्यावरूनच येते. पानाच्या आत जे ठळक हेडिंग दिसतं ते वेगळं, त्याला एच वन म्हणतात. तुम्ही हेडिंगं छान लिहिली असणार, पण त्यांच्या मागे टायटल टॅग मात्र त्या मुलानं एकदाच लिहून सगळीकडे चिकटवलाय, असा माझा अंदाज आहे.

तुमच्या दुकानाच्या दारात मिरचीच्या गोण्या उघड्या ठेवलेल्या असतात ना, प्रत्येकीच्या तोंडाशी पुठ्ठ्याचा तुकडा खोचलेला, त्यावर स्केचपेननं बेडगी, संकेश्वरी, लवंगी, काश्मिरी. टायटल टॅग म्हणजे तो पुठ्ठा. दुकानावरचा बोर्ड वेगळा, तो एकच आणि तो दुकानाचा. पण पुठ्ठा हा त्या गोणीचा. आता समजा कोणी येऊन ३४ गोण्यांवर एकच पुठ्ठा लावला, 'बेस्ट मिरची मुंबई बेडगी लवंगी दादर ठाणे', तर बेडगी शोधणारी बाई काय करेल, एकेक गोणी हुंगत बसणार नाही, पुढच्या दुकानात जाईल. गूगलचंही तेच होतं, कुठलं पान कशाबद्दल आहे ते पुठ्ठ्यावरून कळत नाही म्हणून त्याला आतला माल बघून अंदाज करावा लागतो, आणि अंदाज कधी बरोबर येतो कधी चुकतो.

आधी बघून घ्या की घोळ नक्की कुठे आहे. कॉम्प्युटरवर मालवणी मसाल्याचं पान उघडा, राइट क्लिक करून 'व्ह्यू पेज सोर्स' करा, कोड दिसायला लागला की कंट्रोल एफ दाबून इंग्रजीत टायटल हा शब्द शोधा. हेडच्या भागात टायटल टॅग एकच असायला पाहिजे. मग वर्डप्रेसमध्ये योस्ट किंवा रँक मॅथ असं काही प्लगइन, म्हणजे जोड सॉफ्टवेअर, टाकलंय का बघा, असेल तर प्रत्येक पान एडिट करताना 'एसईओ टायटल' नावाचा डबा दिसतो. त्यात एका पानाचं टायटल बदला, सेव्ह करा, कॅशे प्लगइन असेल तर कॅशे, म्हणजे पानाची साठवलेली जुनी प्रत, साफ करा आणि पुन्हा सोर्स बघा. बदललं तर काम सोपं, बाकीची ३३ पण तशीच करायची. नाही बदललं, किंवा नवीन टायटल आलं पण जुनंही तिथेच खाली लटकतंय असं दिसलं, तर त्या मुलानं टायटल थीमच्या, म्हणजे साइटच्या साच्याच्या, फाइलमध्ये हाताने लिहून ठेवलंय, ते तुम्ही प्लगइनमधून कितीही बदललंत तरी पुसलं जाणार नाही. एवढ्यासाठी मात्र त्यालाच फोन करा, फाइलमधली ती ओळ काढायचं छोटं काम आहे, आणि पैसे मागितले तर ह्या कामाचे द्या, रास्त आहेत.

आता गूगल भलतंच नाव का दाखवतं. आपण लिहिलेलं टायटल गूगलनं जसंच्या तसं दाखवावं असा काही नियम नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी ही टायटलं तयार करायची पद्धत बदलली, तेव्हा जगभरातल्या वेबसाइटवाल्यांनी बरीच ओरड केली, मग सप्टेंबरमध्ये त्यांनी सांगितलं की आता साधारण ८७ टक्के वेळा पानाचा स्वतःचा टायटल टॅगच वापरतो. उरलेल्या वेळी ते पानावरचं हेडिंग उचलतात, मोठ्या अक्षरातला मजकूर उचलतात, दुसऱ्या कोणी तुमच्या पानाला लिंक देताना जे शब्द वापरलेत ते उचलतात. कधी करतात असं? टायटल रिकामं असेल, नुसतं 'होम' असेल, एकच टायटल सगळ्या पानांवर असेल, त्यात शब्दांचा भरणा केलेला असेल, किंवा टायटल एक सांगतंय आणि पान दुसरंच, अशा वेळी. तुमच्या टायटलात ह्यातली शेवटची तीन कारणं आहेत.

आणि अजून एक कारण आहे जे आपल्या मराठी साइटवाल्यांना फार लागू पडतं आणि कोणी सांगत नाही. २०२२ च्या जूनमध्ये गूगलनं अजून एक बदल केला, पानाचा मजकूर एका भाषेत किंवा लिपीत आणि टायटल दुसऱ्याच लिपीत असेल तर ते मजकुराच्या लिपीशी जुळणारं टायटल शोधतात. तुमची माहिती सगळी मराठीत, देवनागरीत, आणि टायटल रोमन अक्षरात. म्हणजे मराठी पानावर इंग्रजी पुठ्ठा. त्यामुळे ते पानातलंच काहीतरी उचलत असणार. ह्यावर उपाय साधा आहे, मराठी पानाला मराठी टायटल द्या, घाबरू नका. मला अजून लोक विचारतात की मराठीत टायटल लिहिलं तर चालतं का, गूगलला कळतं का. कळतं हो. बाहेरच्या लोकांसाठी, बिगर-मराठी गिऱ्हाइकांसाठी इंग्रजी पण हवं असेल तर त्या मसाल्याचं वेगळं इंग्रजी पान करा, पूर्ण मजकुरासकट, आणि त्याला इंग्रजी टायटल द्या. एकाच ओळीत दोन्ही लिप्या कोंबून दोन्हीकडचं अर्धंमुर्धं करू नका.

आता खरं काम, लिहायचं काय.

काउंटरवर एक वही ठेवा आणि आठवडाभर गिऱ्हाईक जे बोलतं ते तसंच्या तसं उतरवून घ्या, तुमच्या शब्दात नाही, त्यांच्या. मी लहानपणापासून आईबरोबर एप्रिलमध्ये लालबागला मसाला करायला आलेली आहे, भाजलेल्या मिरचीच्या धुरानं डोळे चुरचुरतायत, मसाला कांडणाऱ्या डंकांचा धडधड आवाज चाललाय, त्या आवाजावर आवाज काढून बायका काय काय सांगत असतात ते अजून कानात आहे. "रंग पाहिजे, तिखट बेताचं करा, घरात लहान मूल आहे." "एक किलो मिरचीला गरम मसाला किती घालता तुम्ही?" "सुक्या बोंबलाला चालेल असा द्या." "आगरी मसाला आहे का?" "तिरफळ नवीन आलंय का?" ह्यातलं एकही वाक्य 'बेस्ट मसाला शॉप' असं नाही. कोणीही दुकानात येऊन बेस्ट मसाला द्या म्हणत नाही, आणि गूगलवर टाइप करणारी बाई हीच आहे, हाच प्रश्न तिनं फोनमध्ये टाकलाय, कारण ती आता कल्याणच्या पुढे राहायला गेलीये किंवा पुण्याला आहे आणि दर वर्षी यायला जमत नाही.

मग त्या पहिल्या वाक्यातून टायटल निघतं, 'कमी तिखट मालवणी मसाला, बेडगी मिरचीचा'. तुम्हाला माहितीये बेडगीनं रंग येतो आणि तिखटपणा कमी असतो, लवंगीनं जाळ होतो, पण नवीन लग्न झालेल्या मुलीला ते माहीत नसतं, तिला 'कमी तिखट' हे शब्द समजतात आणि त्यावर ती बोट ठेवते. 'आगरी मसाला' वेगळं पान असेल तर त्याचं टायटल 'आगरी मसाला, मटण आणि मच्छीसाठी', तुमच्या त्या पानात खरंच तसं लिहिलेलं असेल तरच. 'तिरफळ, माशाच्या आमटीसाठी', झालं, तेवढं पुरे.

दुसऱ्या वाक्याकडे नीट बघा, एक किलो मिरचीला मसाला किती. हा प्रश्न विकत घ्यायचा नाही, माहितीचा आहे, आणि तो घराघरात दर वर्षी पडतो कारण आईची यादी हरवलेली असते. तुमच्या सासऱ्यांना ते प्रमाण तोंडपाठ असणार, धणे किती, खसखस किती, दगडफूल, चक्रीफूल, नागकेशर, जायपत्री किती. ह्यावर तुमच्या ३४ मध्ये पान आहे का? पत्रावरून वाटत नाही. ते करा, मनापासून करा, त्याचं टायटल 'मालवणी मसाल्याचं प्रमाण, १ किलो मिरचीसाठी'. माझ्या मते तुमच्या साइटवर सगळ्यात जास्त लोक ह्याच पानावरून येतील, आणि यादी वाचता वाचता निम्म्या जणींना वाटेल की एवढं सगळं आणून भाजत बसण्यापेक्षा इथूनच मागवावं.

नावांच्या बाबतीत एक जपा. एकाच वस्तूला आपल्याकडे दोन-तीन नावं असतात, कोणी तिरफळ म्हणतं कोणी त्रिफळ, कोणी चक्रीफूल कोणी बाद्यान, कोणी बेडगी कोणी ब्याडगी. टायटलमध्ये सगळी नावं ओळीने घालायचा मोह होतो, तो आवरा. जे नाव तुमच्याकडे जास्त ऐकू येतं ते टायटलमध्ये, बाकीची पानाच्या मजकुरात पहिल्या दोन ओळीत येऊ द्या, तिथेही गूगल वाचतं. आणि गोडा मसाल्याच्या पानावर 'काळा मसाला' लिहायच्या आधी विचार करा, काही घरांत गोड्यालाच काळा म्हणतात, पण घाटावर बऱ्याच ठिकाणी काळा मसाला म्हणजे झणझणीत, वेगळाच. तसं गिऱ्हाईक चुकून आलं तर ते लगेच परत जाईल आणि मागवून फसलं तर तुम्हालाच बोलेल. पुठ्ठ्यावर जे लिहिलंय तेच गोणीत पाहिजे.

लांबी किती ह्याबद्दल खूप काहीबाही सांगतात, ६० अक्षरं, ५५ अक्षरं, वगैरे. गूगलनं कमाल अक्षरांचा आकडा कधी दिलेला नाही. प्रत्यक्षात निकालाच्या पानावर जागा ठरावीक असते, कॉम्प्युटरवर साधारण ६०० पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचे ठिपके, त्यापलीकडचं कापलं जातं आणि तीन टिंबं येतात. ते ५५-६० चा हिशोब इंग्रजी अक्षरांवरून काढलेला आहे. मराठीत तो चुकतो, कारण कॉम्प्युटर काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं अक्षर म्हणून मोजतो. 'मालवणी मसाला' हे आपल्या डोळ्यांना ७ अक्षरं आहेत, कॉम्प्युटरच्या हिशोबात मधली मोकळी जागा धरून १२. 'चक्रीफूल' आपल्याला ४, त्याला ८, कारण त्यातला पाय मोडायचा हलन्तसुद्धा तो मोजतो. आणि उकार खाली बसतो, मात्रा वर बसते, त्यांनी रुंदी वाढत नाही. त्यामुळे अक्षरं मोजणाऱ्या एखाद्या टूलनं लाल दिवा दाखवला म्हणून चांगलं मराठी टायटल तोडू नका. मी काय करते तर टायटल लिहिते, फोनवर आणि कॉम्प्युटरवर गूगलमध्ये कसं दिसतं ते बघते, आणि महत्त्वाचे शब्द पहिल्या चार-पाच शब्दांत आले की शेपूट कापलं गेलं तरी मनावर घेत नाही. म्हणून मसाल्याचं नाव आधी, दुकानाचं नाव शेवटी. होमपेजला मात्र उलटं, तिथे दुकानाचं नाव आधी आणि मग 'लालबाग, मुंबई, मालवणी, गोडा आणि आगरी मसाले' असं काहीतरी. तसंही २०२२ पासून गूगल निळ्या ओळीच्या वर साइटचं नाव वेगळं दाखवायला लागलंय, त्यामुळे प्रत्येक पुठ्ठ्यावर बोर्ड परत रंगवायची पहिल्यासारखी गरज राहिली नाही. जागा कमी पडली तर दुकानाचं नाव खुशाल सोडा.

दादर परळ ठाणे डोंबिवली हे आजच काढून टाका. तुमचं दुकान लालबागला आहे, आणि लालबाग हे मसाल्यासाठी एवढं मोठं नाव आहे की लोक तिथे ट्रेन बदलून येतात, ते सोडून डोंबिवली कशाला लिहायचं. आणि त्या १५ हजारवाल्यानं जर सुचवलं की प्रत्येक स्टेशनचं एक पान करू, मजकूर तोच आणि फक्त नाव बदलू, 'मसाला ठाणे', 'मसाला मुलुंड', 'मसाला भांडुप', तर स्पष्ट नाही म्हणा. असल्या पानांना डोअरवे म्हणतात आणि गूगलच्या स्पॅमच्या नियमात ती सरळ बसतात, साइटच मागे पडू शकते. घरपोच पाठवत असाल तर 'घरपोच मसाला, मुंबई आणि ठाणे' असं एकच पान करा, कुठे पाठवता, किती दिवसात, किती किलोच्या वर, सगळं खरं लिहा. जवळपास शोधणाऱ्यांना जो नकाशा दिसतो तो टायटल टॅगवरून येत नाही, त्यासाठी गूगल बिझनेस प्रोफाइल असतं, ते फुकट आहे, त्यात दुकानाचं नाव बोर्डवर आहे तेवढंच लिहा, नावात मसाल्यांची यादी घुसडली तर प्रोफाइल बंद पडायची पाळी येते.

सासऱ्यांचं 'मुंबईतील नंबर १'. त्यांच्या बोलण्यामागे अभिमान आहे आणि तो खोटा नाही, तीन पिढ्या एका जागी टिकून मसाला विकणं मुंबईत सोपं नाही. पण हे शब्द कोणी शोधत नाही आणि वाचणाऱ्याला ते कुठल्याही रिक्षामागच्या जाहिरातीसारखे वाटतात. त्यांना सांगा की अभिमान दुसऱ्या शब्दात लिहू. 'डंकावर कांडलेला' हे लिहा, कारण आता पुष्कळ ठिकाणी मसाला मशीनवर दळून मिळतो आणि ज्यांना फरक कळतो ती माणसं डंक हा शब्द बघून थांबतात. 'तीन पिढ्यांचं दुकान' हे होमपेजच्या मजकुरात येऊ दे. मला खात्री आहे त्यांना पटेल, कारण गिऱ्हाइकाला काय बोललं की ते थांबतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

टायटलमध्ये वर्ष घालू नका. 'मसाला दर २०२४' वगैरे. मी काही वर्षांपूर्वी एका क्लासच्या साइटचं लिखाण केलं होतं, टायटलमध्ये प्रवेशाचं साल टाकलं आणि पुढच्या वर्षी पान नवीन केलं पण टायटलमधलं साल बदलायचं राहिलं, पालक फोन करून विचारायचे की ह्या वर्षी बॅच नाही का. चूक माझी होती आणि नुकसान त्यांचं झालं. तेव्हापासून वर्षाचा मजकूर मी पानाच्या आत ठेवते. दिवाळीच्या चकली भाजणीचं पान असेल तर तेही एकच कायम ठेवा, दर दिवाळीला नवीन काढू नका.

मेटा कीवर्ड म्हणून एक रकाना असतो, तो भरायचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका, गूगलनं २००९ मध्येच सांगितलंय की क्रमवारीसाठी तो बघतच नाही. मेटा डिस्क्रिप्शन म्हणजे निळ्या ओळीखाली दिसू शकणाऱ्या दोन ओळी, त्यांनीही नंबर वर जात नाही पण माणूस त्या वाचतो, त्यामुळे सवडीनं लिहा, टायटल आधी. आणि व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवली की जे नाव दिसतं ते ओजी टायटल नावाच्या दुसऱ्या रकान्यातून येतं, योस्टमध्ये सोशल ह्या भागात सापडेल. तुमच्या निम्म्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवरच्या असणार, ते जुनंच राहिलं तर ग्रुपमध्ये पुन्हा 'बेस्ट मसाला शॉप' दिसत राहील. तेवढं बघा.

आता हिशोब कसा ठेवायचा. गूगल सर्च कन्सोल फुकट असतं, साइट तुमचीच आहे हे एकदा सिद्ध करून द्यायचं, ते त्या मुलाकडून करून घ्या. त्यात परफॉर्मन्समध्ये गेलात की लोकांनी कुठले शब्द टाकले तेव्हा तुमचं पान दिसलं, किती वेळा दिसलं, किती जणांनी दाबलं, सगळं येतं. ही तुमची दुसरी वही. ज्या पानाच्या पुढे दिसण्याचा आकडा मोठा आणि क्लिक अगदी थोडे, त्याचं टायटल पहिलं बदला, कारण तिथे बाई दारात येऊन पुठ्ठा वाचून परत गेलीये. आणि लोक देवनागरीत शोधतायत की रोमन अक्षरात मराठी लिहून, तेही इथेच दिसेल, मग इंग्रजी पानं कुठल्या मसाल्याची करायची ते आपोआप ठरेल.

बदल केला की वहीत तारीख लिहा आणि हात बांधून बसा. सर्च कन्सोलमधल्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये पानाचा पत्ता टाकून गूगलला ते पुन्हा बघायची विनंती करता येते, तरी गूगलला नवीन टायटल उचलायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. मी सुरुवातीला गिरगावातल्या एका पुरणपोळीवाल्या काकूंच्या साइटवर दर आठवड्याला टायटल बदलायचे, वाटायचं काही होत नाहीये, परत बदल, आणि शेवटी ऑर्डरी वाढल्या तेव्हा कशामुळे वाढल्या हे आम्हाला दोघींनाही सांगता आलं नाही. महिनाभर तरी थांबा. आणि तुमच्या धंद्यात जानेवारीची तुलना एप्रिलशी करू नका, शिमग्यानंतर गर्दी वाढणारच, त्याचं श्रेय टायटलला देऊन उपयोग नाही. सर्च कन्सोल १६ महिन्यांचा आकडा ठेवतं, म्हणजे ह्या एप्रिलची तुलना गेल्या एप्रिलशी करता येते, ती करा.

राहिला तो १५ हजारवाला. तीन महिन्यात पहिला नंबर असं वचन जो देतो त्याला नाही म्हणायला तेवढं एकच कारण पुरे आहे, गूगल स्वतः सांगतं की पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही. टायटल नीट केल्यानं पान कशाबद्दल आहे ते गूगलला स्पष्ट कळतं आणि बघणारी माणसं जास्त दाबतात, एवढं होतं आणि एवढं पुष्कळ आहे, पण नुसत्या टायटलनं दुकान रातोरात वर जात नाही, आतली माहिती लागते, आणि ती तुमच्याकडे आहे, रात्री जागून लिहिलेली. उद्या साइट फार हळू उघडते किंवा फोनवर मोडून दिसते असं काही निघालं तर त्या कामाला पैसे घाला, मी नाही म्हणणार नाही.

३४ टायटलं एका बैठकीत लिहू नका, पंधराव्यानंतर सगळी सारखी व्हायला लागतात. दुपारी दुकान थोडं मोकळं असतं तेव्हा रोज चार-पाच, कागदावर, सासऱ्यांना वाचून दाखवत. सुरुवात मालवणी मसाला, मग ते प्रमाणाचं नवीन पान, मग गोडा, आगरी, आणि शेवटी सुटे मसाले. फेब्रुवारी संपायच्या आत झालं पाहिजे, म्हणजे मार्चपासून मिरची यायला लागेल तोपर्यंत गूगलनं नवीन पुठ्ठे वाचलेले असतील. पहिली दहा झाली की मला पाठवा, मी बघून देते.